सफरचंदाचा रस: नीरा, सायडर आणि आपला पेला

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात, ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्येष्ठ नागरिकाने गुडघेदुखीवर, मृत्युपत्रावर किंवा फार तर नर्मदा परिक्रमेवर बोलावं अशी रीत आहे. मी आज बोलणार आहे सायडरवर. त्याला कारण आहे. रौप्यमहोत्सवाच्या संध्याकाळी प्यायला काय द्यायचं यावर समितीत चर्चा निघाली, तेव्हा आपल्या बी विंगमधल्या तीन-चार मुलांनी सुचवलं की, या वेळी कोल्ड्रिंकच्या बाटल्या नकोत. सफरचंदाचं सायडर आपणच गच्चीवर करू, मध घालून. सगळं नैसर्गिक, केमिकल काही नाही. मोबाइलवर त्यांनी कृतीही पाहिलेली होती. यावर काही जण हसले, काही रागावले. मला वाटलं, यात हसण्यासारखंही काही नाही आणि रागावण्यासारखंही नाही; समजून घेण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. माझी मुलगी इंग्लंडात हिअरफर्डशायरला असते. तिच्याकडे सफरचंदांच्या हंगामात माझा दोनदा मुक्काम झाला, आणि तो भाग म्हणजे सायडरचं माहेरघर. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्हीच बोला." म्हणून उभा आहे.

पहिली गोष्ट शब्दाची. अमेरिकेत नुसतं 'सायडर' म्हटलं की बहुधा सफरचंदाचा ताजा, गढूळ, न गाळलेला रस असा अर्थ होतो. आंबवलेल्याला ते 'हार्ड सायडर' म्हणतात. इंग्लंडात मात्र सायडर म्हणजे आंबवलेलंच. चांगली पाच-सहा टक्के अल्कोहोल असलेली दारू. शब्द एक, वस्तू दोन. म्हणजे मुलांनी कुठल्या देशाची कृती पाहिली, यावर सगळा फरक पडतो!

आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्याकडे नीरा आहे. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड, गार, मुलांनीसुद्धा प्यावी अशी. तीच नीरा तशीच उन्हात राहू द्या, दुपारपर्यंत तिची ताडी होते. कोणी काही मिसळलेलं नसतं. हवेतलं, मडक्यातलं यीस्ट साखर खातं आणि काम करून जातं. सफरचंदाच्या रसाची नीरा म्हणजे अमेरिकन सायडर आणि ताडी म्हणजे इंग्लिश सायडर, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं व्याख्यान झालं.

आता हिअरफर्डशायरला ते कसं करतात ते सांगतो. सायडरची सफरचंदं आपण खातो ती नव्हेत. किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, फॉक्सव्हेल्प अशी त्यांची नावं. दिसायला लहान, डागाळ, आणि चावा घेतला तर तोंड असं आवळतं की कच्चं जांभूळ बरं! त्यांच्यात टॅनिन भरपूर असतं आणि सायडरला अंग येतं ते त्या तुरटपणामुळे. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत फळं उतरवतात, दोन-तीन आठवडे ढीग घालून मऊ पडू देतात, धुतात आणि चक्कीत घालून त्यांचा लगदा करतात. लगदा जाड कापडात गुंडाळून एकावर एक थर रचायचे, पूर्वी कापडाऐवजी गव्हाचं काड वापरत, आणि वरून स्क्रूचा दाब द्यायचा. त्या थरांच्या चळतीला ते गमतीने 'चीज' म्हणतात. घरगुती दाबयंत्रातून १० किलो फळांचा ५-६ लिटर रस निघतो. उरलेला चोथा गुरांना किंवा डुकरांना.

मुलीच्या गावात दाबयंत्र गावाचं होतं, कोणा एकाचं नव्हे. शनिवारी सगळे आपापली पोती घेऊन येत, रांगेने रस काढून घेत, आणि निघताना यंत्र धुऊन पुढच्याच्या स्वाधीन करत. धुण्यावर कोणाचा वाद मी ऐकला नाही. आपल्या सामाईक नळाजवळ उभं राहून मला त्या रांगेची आठवण येते, एवढंच म्हणतो.

शेजारचे एक आजोबा मला रोज त्यांच्या शेडमध्ये नेत. साडेचार लिटरची काचेची बरणी, वर पाण्याची वाकडी नळी. आतला वायू बाहेर जावा, बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून. ते काचेची एक नळी रसात तरंगत सोडत आणि आकडा वहीत लिहीत. मी म्हटलं, हे तर आमच्या दूधवाल्याचं लॅक्टोमीटर! तत्त्व तेच. पाण्याचा आकडा १.०००. ताज्या रसाचा सुमारे १.०५०, कारण त्यात साखर आहे. रोज आकडा उतरत जातो. तो पुन्हा १.००० वर आला म्हणजे साखर संपली, आणि रसात साडेसहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार झालं.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. १८० ग्रॅम ग्लुकोज नावे टाका. जमेला येतं ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. बेरीज करा, १८०. ताळेबंद ग्रॅमला ग्रॅम जुळतो. निसर्गाचा हिशेब असा की ऑडिटरला काम नाही.

पण या हिशेबात जमेची जी दुसरी रक्कम आहे, वायूची, तिच्याकडे दुर्लक्ष केलं की गडबड होते. लिटरमागे अवघी ४ ग्रॅम साखर, म्हणजे एक छोटा चमचा, आंबली तर साधारण एक लिटर वायू तयार होतो. बूच घट्ट लावलेल्या बाटलीत तो जाणार कुठे? रस पुरता आंबायच्या आधीच बाटलीत भरला, तर ती बाटली म्हणजे सुतळी बॉम्ब. तिकडे थंडीत, १२ ते १८ अंशांत, हे काम सावकाश महिनोन् महिने चालतं. आपल्या गच्चीवर एप्रिलमध्ये ३८-४० अंशांत काय होईल, ते तुम्हीच ठरवा. यीस्ट बेभान होतं, वास बिघडतो, आणि हवा लागली की वेगळेच जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करून टाकतात.

मुलांनी मधाचं म्हटलं होतं, त्याबद्दल. सफरचंदाच्या रसात मध घालून आंबवलेल्या पेयाला 'सायझर' म्हणतात. नुसत्या पाण्यात मध आंबवला की ते 'मीड'. मधाची गंमत बघा. त्यात सुमारे ८० टक्के साखर, तरी तो वर्षानुवर्षं आंबत नाही, कारण त्यातलं पाणी इतकं कमी की यीस्टचा घसा तिथे कोरडाच राहतो. त्यात पाणी किंवा रस मिसळा, की काम सुरू. आपल्याला ही विद्या परकी नाही. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं याच तत्त्वावर तयार होतात. द्राक्षासवात धायटीची फुलं घालतात ती आंबवणाला चालना मिळावी म्हणून. चरकसंहितेत तर ८४ आसवं मोजलेली आहेत. आणि आता पुण्याजवळ परवाना घेऊन मीड बनवणारा 'मूनशाइन' नावाचा उद्योग चालतो. त्यांच्याकडे सफरचंदाचं मीडही होतं. परवाना घेऊन, हे शब्द अधोरेखित करा. त्यावर येतोच.

त्याआधी सायडरच्या इतिहासातल्या तीन गोष्टी सांगतो, कारण तिन्ही आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट भांड्याची. इंग्लंडात डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा येत, हातांतली ताकद जाई, काही दगावत. 'डेव्हनचा पोटशूळ' असं त्याला नावच पडलं. लोक म्हणत, सायडर आंबट आहे म्हणून होतं. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की दोष सायडरचा नव्हे, रस काढायच्या घाण्यात आणि दाबयंत्रात वापरलेल्या शिशाचा आहे. आंबट रसात शिसं उतरत होतं. तो स्वतः डेव्हनचाच, तरी गावकऱ्यांनी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. गावच्या धंद्याला बट्टा लावला म्हणून. आपल्या आजीला ही गोष्ट सांगावी लागली नसती. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, हे तिला डॉक्टरशिवाय ठाऊक होतं. धडा एकच: आंबट वस्तू स्टीलमध्ये किंवा काचेत.

दुसरी गोष्ट कराची. १७६३ मध्ये ब्रिटिश सरकारने युद्धाचं कर्ज फेडायला सायडरवर पिंपामागे चार शिलिंग कर बसवला. त्यापायी अबकारी अधिकाऱ्याला लोकांच्या खासगी घरात शिरायचा अधिकार मिळाला. सायडरच्या मुलखात एवढा गदारोळ झाला की १७६६ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. आजही तिथे वर्षाला ७००० लिटरपर्यंत सायडर करणारा छोटा उत्पादक करातून सुटतो. म्हणून ते आजोबा शेडमध्ये निवांत वही लिहीत बसू शकतात.

आपल्याकडे तसं नाही. आपल्याला १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. ते विकण्यासाठी केलं की फुकट वाटण्यासाठी, गच्चीवर केलं की स्वयंपाकघरात, हा प्रश्नच येत नाही. अहो, आपल्या राज्यात प्यायलासुद्धा कागदोपत्री परमिट लागतं! कायदा जुना आहे, बदलायला हवा, असं तरुणांचं म्हणणं असेल तर त्यांनी ते जरूर मांडावं. पण नोंदणीकृत सहकारी संस्थेच्या गच्चीवर, संस्थेच्या कार्यक्रमासाठी ते करता येणार नाही. जबाबदारी फक्त मुलांवर येणार नाही, सही करणाऱ्या पदाधिकाऱ्यांवरही येईल.

तिसरी गोष्ट मजुरीची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इंग्लंडात सायडर ही केवळ हौस नव्हती. शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग पैशाऐवजी सायडरमध्ये दिला जाई. कापणीच्या दिवसांत माणशी कित्येक पाइंट. मालकाच्या बागेतली फळं, मालकाचंच सायडर. त्याला ते स्वस्त पडे. मजूर दिवसभर घाम गाळून निम्मी कमाई शेतातच पिऊन घरी जाई, आणि घरी पोहोचे ते उरलेलं. १८८७ मध्ये कायदा करून मजुरीपोटी दारू देण्याला बंदी करावी लागली.

हे वाचलं तेव्हा मला माझी एका तालुक्याच्या गावची शाखा आठवली. पगाराच्या दिवशी काउंटरच्या त्या बाजूला बायका येऊन उभ्या राहत. नवऱ्याच्या हातात नोटा पडायच्या आत त्यातल्या चार आपल्या हाती याव्यात, एवढीच धडपड. त्यातल्या एका बाईने आमच्याकडे आवर्ती ठेवीचं खातं काढलं होतं, महिना वीस रुपयांचं. पासबुक ती घरी नेत नसे. शेजारणीच्या पिठाच्या डब्यात ठेवत असे, पिठाखाली. दर महिन्याला ते पासबुक काउंटरवर यायचं तेव्हा त्याच्या पानांतून ज्वारीचं पीठ सांडायचं. आमचा कॅशियर काही न बोलता फडक्याने काउंटर पुसायचा आणि नोंद करून द्यायचा. मुदत पूर्ण झाली तेव्हा त्या पैशांतून तिने मुलीला तालुक्याच्या हायस्कुलात घातलं.

मंडळी, मी सोवळा माणूस नाही. मुलीच्या गावी आजोबांनी दिलेला पेला मी घेतला, आणि उत्तम होता. वाईट शब्द मी सायडरला बोलणार नाही. स्पेनच्या अस्तुरिआस प्रांतात बाटली डोक्यावर धरून खाली पेल्यात घोटभर सायडर ओततात, आपला चहावाला वरून धार सोडतो ना तसं, आणि तोच पेला आळीपाळीने फिरतो. ती त्यांची संस्कृती आहे, युनेस्कोने २०२४ मध्ये तिची नोंदही घेतली. पण आपल्या समारंभाच्या टेबलावर जो पेला ठेवायचा, तो इथल्या प्रत्येक घराला घेता आला पाहिजे. आपल्यात लहान मुलं आहेत. औषधं चालू असलेले माझ्यासारखे आहेत. व्रत पाळणारे आहेत, धर्माने न घेणारे आहेत. आणि दारूपायी ज्यांच्या घराने सोसलं अशीही माणसं कुठल्याही सत्तर-ऐंशी बिऱ्हाडांच्या वसाहतीत असतात. ती बोलून दाखवत नाहीत. त्यांना त्या संध्याकाळी पेला नाकारण्याचं कारण सांगायला लागू नये, एवढं आपण पाहू शकतो.

तेव्हा मुलांची कल्पना आपण टाकायची नाही. फक्त ताडीच्या आधी, नीरेवर थांबायचं. सफरचंद, मध, मसाला, आंबवण नाही. कृती सांगतो.

फळं. आपल्या बाजारातली बहुतेक सफरचंदं हिमाचल-काश्मीरची, डेलिशस जातीची. हिमाचलात ती जात रुजवली सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने, शिमल्याजवळ कोटगढ भागात, शंभरेक वर्षांपूर्वी. हा माणूस पुढे सत्यानंद स्टोक्स झाला आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. ही फळं खायला गोड, पण रसाला नुसता गोडवा पुरत नाही. म्हणून चार लाल फळांना एक हिरवं आंबट सफरचंद, आणि वर लिंबू. तुरटपणासाठी तिकडची घरगुती मंडळी एक युक्ती करतात: कडक कोरा चहा घालतात. लिटरला दोन-तीन मोठे चमचे पुरे. चहाची चव कळत नाही, पण रसाला अंग येतं.

निवड. सडका भाग कापून बाकीचं वापरू, हे इथे चालणार नाही. सडक्या सफरचंदात बुरशीमुळे 'पॅट्युलिन' नावाचं विष तयार होतं, ते उकळूनही पुरतं जात नाही. रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये अशी मर्यादा आहे. वासाने आपल्याला ते मोजता येत नाही, म्हणून सडकं फळ सरळ बाजूला.

रस. फळं नीट धुवा, बिया काढा, मिक्सरमधून काढा आणि स्वच्छ पंचातून पिळा. किलोला अर्धा लिटर रस धरा. लगेच लिंबू पिळा, नाहीतर रस काळा पडतो.

गरम करणं. 'कच्चा रसच खरा' असं ज्यांचं मत आहे त्यांच्यासाठी एक घटना सांगतो. १९९६ मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूंची बाधा झाली. साठाहून अधिक लोक आजारी पडले आणि एक लहान मूल दगावलं. त्यानंतर तिथे न तापवलेल्या रसावर इशारा छापणं सक्तीचं झालं. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. रस स्टीलच्या पातेल्यात वाफ येऊन कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत तापवा, तसाच पाच मिनिटं ठेवा, खळखळा उकळू नका. त्यातच दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि ठेचलेलं आलं.

मध. रस कोमट झाल्यावरच घाला. मध तापवू नये असं आयुर्वेद सांगतो, आणि सुगंधही त्याने टिकतो. महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध मिळाला तर त्याचा किंचित कडवटपणा सफरचंदाला छान साथ देतो. तिथलं मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आहे. आपला ऐवज तिथून आणला तर मला आनंदच आहे.

ठेवणं. फ्रिजमध्ये, तीन दिवसांच्या आत संपवायचं. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, तर नीरेची ताडी झाली असं समजा आणि ओतून द्या.

आता अंदाजपत्रक. त्याशिवाय माझं भाषण संपत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ३०० जण, माणशी १५० मिली, म्हणजे ४५ लिटर. निम्मा रस, निम्मं गार पाणी किंवा सोडा. जर्मनीत सफरचंदाचा रस असाच सोड्यात मिसळून पितात, उन्हाळ्यात फार बरा लागतो. म्हणजे रस साडेबावीस लिटर, फळं ४५ किलो. २० किलोच्या तीन पेट्या आणाव्यात. खराब निघालेली वगळून पुरतील, उरली तर मुलं खातील. मध माणशी ५ ग्रॅम, म्हणजे दीड किलो. एका पेल्यात साखर सगळी मिळून १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सपाट तीन चमचे. मधुमेही मंडळींनी ही नोंद घ्यावी. मधाची साखर ही साखरच असते, बिल वेगळ्या नावाने आलं तरी रक्कम तीच. त्यांच्यासाठी टेबलावर कापलेल्या फोडी ठेवू, सालीसकट. ज्यांच्या घरी वर्षाच्या आतलं बाळ आहे त्यांनी बाळाला या पेल्यातलं बोटही चाटवू नये. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यांना ते झेपत नाहीत. यात आजीची परवानगीसुद्धा चालणार नाही.

चोथ्याचं काय, हा प्रश्न वहिनींच्या चेहऱ्यावर मला दिसतोय. त्यात साजूक तूप आणि थोडी साखर घालून परतला तर बर्फीसारख्या वड्या पडतात. उरलेला आपल्या खताच्या खड्ड्यात.

राहिला प्रश्न मनुष्यबळाचा. बी विंगच्या मुलांकडे पुढाकार, कारण कल्पना त्यांची. सहा मिक्सर, चार मोठी स्टीलची पातेली, बारा स्वच्छ पंचे आणि फळं चिरायला वीस हात लागतील. नावनोंदणीची वही सेक्रेटरींकडे उघडली आहे. पहिलं नाव माझं आहे, चिरायला. दाबायला आता जोर राहिला नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी आठ वाजता, सभागृहात. येताना आपली सुरी आणा. आणि जाताना मिक्सर धुऊन पुढच्याच्या हाती द्या.